वर आलेली पानं

प्रेमराजने बाही वर सारली आणि काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. लाल लिलीच्या पानांनी पाणी वरून पार झाकून टाकलं होतं. तळाशी त्याने महिनोन्महिने जपलेलं बारीक गवत उजेडावाचून पिवळं पडलं होतं. संध्याकाळपर्यंत या टाकीचा फोटो स्पर्धेला जायचा होता. त्याची ही पहिलीच स्पर्धा, आणि मित्रांना सांगूनही झालेलं.

लिलीचं पथ्य तसं सोपं असतं. लांब देठाचं पान वर निघालं की त्याचा देठ खाली कंदापाशी छाटायचा. असं छाटत राहिलं की ती वर येण्याचा नाद सोडते आणि बुटक्या पानांनी खालीच पसरते. पण प्रेमराज नरडाण्याच्या कारखान्यात, आठवडाभर मुक्काम तिकडेच. धुळ्याच्या घरात टाकी आणि आई कमलबाई, दोघीच. म्हणून छाटणी त्यांच्याकडे. कंटाळा आला म्हणून त्यांनी ब्लाउज शिवणं बंद केलं, तेव्हापासून टाकी हाच त्यांचा विरंगुळा. तासन् तास समोर खुर्ची टाकून बसायच्या. पान मात्र एक कापायच्या नाहीत.

"दिवा लागना, मंग पान तोडू नही," त्या फोनवर म्हणायच्या. दिवा लागला की झाडं झोपतात ना. आणि ज्याच्या उजेडात कापायचं, तो टाकीतला दिवा तर लागायचाच संध्याकाळी. प्रेमराजला हसू यायचं आणि रागही. शेवटी गेल्या रविवारी त्याने दिव्याची वेळच बदलून टाकली. सकाळी लागेल, दुपारी विझेल. आता बघू झाडं कशी झोपतात, असं म्हणत त्याने स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आज येऊन बघतो तर पानं दुप्पट.

"माय, आते तं दिवसा लाईट लागस," तो म्हणाला. "मंग काबर नही काप्यात?"

कमलबाई खुर्चीतच बसून राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. प्रेमराजला त्यांचा खरंच राग आला. सांगून सांगून थकलो, एवढंसं काम, तेही होत नाही हिच्याकडून. एक देठ बोटांत धरून तो खाली चाचपत गेला आणि कात्री चालवली. भलंमोठं तांबडं पान सुटून बाजूला तरंगत गेलं.

तशा कमलबाई उठल्या. हात पुढे करून हळूहळू चालत आल्या, काच बोटांना लागली तेव्हा थांबल्या. मग त्यांनी मुलाचं ओलं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. वरला मोठला पानंच दिखतस माले. खाले आते नुसता उजेड शे."