पन्नासची की अठ्ठावीसची

"नीट धर गं, कोंबडे. अंडं आहे असं समज," धाकटा म्हणाला.

ताईने दुकानातला तो कॅमेरा नीट धरला, पण भावाकडे एक जळजळीत नजर टाकली ती टाकलीच. चारचौघांत त्या नावाने हाक मारलेली तिला खपत नसे. सूर्य मावळला की कोंबडीसारखं तिलाही दिसत नाही, म्हणून घरात ती लहानपणापासून कोंबडी. डॉक्टरांनी सांगितलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. शाळेत मात्र ती गणिताच्या बाई. ती नुसती खाकरली तरी वर्ग गप्प होतो.

"आधी खिशातले हात काढ," ती म्हणाली. "बाहेर असं उभं राहतात का?"

दुकानदार हसला. त्याने काउंटरवर दोन लेन्स काढून ठेवल्या होत्या. पन्नास मिलिमीटरची, चांगली भरदार. आणि अठ्ठावीसची, चपटी, बरणीच्या झाकणाएवढी. "झूम दोन्हींना नाही," तो म्हणाला. "फोटोत जास्त काही मावायला हवं तर आपणच मागे सरायचं. पण उजेड म्हणाल तर दोघी घटाघटा पितात."

धाकटा लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्यासाठीच काहीतरी घ्यायचं असेल म्हणून ती बरोबर आली होती, आणि इथे बघते तर हा शहाणा तिच्याच गळ्यात कॅमेरा घालतोय. पुढच्या आठवड्यात तो नोकरीसाठी परगावी निघाला होता. घरात ती एकटी राहणार होती.

"मला कशाला हे खेळणं? तू गेलास म्हणून माझं काही अडत नाही. दिवे गेले तरी जिना एकटी उतरते मी. कधी पडलेय?"

"नाही पडलीस."

"मग?"

"मग काही नाही. दोन मिनिटं आत चल."

दुकानामागे गोदामाची खोली होती. दुकानदाराने पन्नासची लेन्स लावून दिली, दार लोटलं आणि दिवा बंद केला. ताईपुरतं जग संपलं. दाराच्या फटीतून येतो तेवढा उजेड इतरांना पुरतो म्हणे. तिच्यासमोर सगळं काळं ठिक्कर. लहानपणी दिवे गेले की हा दिवटा तिला वेडावून दाखवायचा, असं आई सांगायची. दाखवेना का. जे दिसतच नाही त्याचा राग तरी किती करायचा?

"आता डोळा लाव," काळोखातून धाकट्याचा आवाज आला.

तिने डोळा लावला, आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

"आत छोटा पडदा असतो बघा," दुकानदार सांगत होता. "लेन्स उजेड गोळा करते, तो पडदा वाढवून दाखवतो."

ती ऐकतच नव्हती. रवा सांडावा तसं दाणेदार चित्र, पण चित्र होतं. त्यात भुवया होत्या, नाक होतं. आजवर अंधारातली माणसं म्हणजे तिच्यासाठी नुसते आवाज. आणि आज आवाजाला चेहरा होता! धाकट्याचा चेहरा. त्याची जीभ हातभर बाहेर होती.

"जीभ आत घे," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली.

मग दुकानदाराला हसू आवरेना.

"दिसलं तुला?" धाकट्याचा आवाज चिरकला. "ताई, खरंच दिसलं?"

"अजून बघू दे." ती मागे सरायला गेली, तर टाच खोक्याला लागली.

"थांबा, तिथे जागा नाही," दुकानदार म्हणाला. "छोटी लावतो. हिला मागे सरायला नको, जवळूनच सगळं घेते."

दिवा लागला, लेन्स बदलली, दिवा गेला.

या वेळी सगळी खोलीच आत आली. छताला भिडलेले रॅक. एकावर एक रचलेली खोकी. बटणावर बोट ठेवून उभा असलेला दुकानदार, त्याचं उघडं तोंड. एवढं सगळं अंधारात असतं, रोज असतं, आणि माणसं त्यात खुशाल जांभया देत बसतात!

मधोमध धाकटा होता. जीभ आत होती. दोन्ही हात मात्र पुढे पसरलेले, तिच्या दोन बाजूंना, तिच्या कोपरांच्या जरा अलीकडे थांबलेले. कुठेच न टेकता. पहिली पावलं टाकणाऱ्या बाळाभोवती धरतात तसे.

ती मुद्दाम जरा डावीकडे झुकली. हातही झुकले. उजवीकडे झुकली, तेही आले. तो बघत होता दुकानदाराकडे. हात आपले आपण चालले होते.

तिला घरचा जिना आठवला. दिवे गेलेल्या सगळ्या संध्याकाळी, आणि मागून येणारी त्याची शीळ.

"लावू दिवा?" दुकानदाराने विचारलं.

"थांबा जरा." तिचा आवाज आता वर्गातला नव्हता. "बघतेय अजून."

दिवा लागला तेव्हा धाकटा छताकडे बघत उभा होता, हात खिशात. त्याला रागवायला तिने सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मग कुठली देऊ, बाई?"

"ही छोटी," ती म्हणाली. "हिच्यात हातसुद्धा येतात."