सतरा नंबरचा पोर्ट

ऑफिसातल्या सगळ्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबल्स एका स्विचमध्ये यायच्या, आणि त्याचा कुठला पोर्ट चालू, कुठला बंद, हे बघायचं काम तिचं. धाकट्या भावाचं टेबल वरच्या मजल्यावर, सतरा नंबरच्या पोर्टवर.

आईने अंथरूण धरल्यापासून ती जेवणाच्या सुट्टीत धावत घरी जायची, आईची कूस बदलायची, दोन घास भरवून तशीच परत यायची. भावाला म्हटलं, "एखाद्या दिवशी तू जा की रे!" तर फोनवर ठरलेलं उत्तर, "ताई, टेबलावरून उठायला फुरसत नाही गं."

इकडे तिच्या स्क्रीनवर सतरा नंबर कायम बंद, म्हणजे एकतर टेबलावरचा कॉम्प्युटरच बंद, नाहीतर केबल किंवा पोर्ट खराब. भावावर शंका घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. स्विचलाच चार शिव्या हासडून तिने त्याची केबल दुसऱ्या पोर्टला लावली, तर तोही बंद! पोरगं एवढं राबतंय आणि खोट आपल्याच कामात, या विचाराने ओशाळून ती नवी केबल घेऊन स्वतःच वर गेली.

खुर्ची रिकामी होती. शेजारच्या टेबलावर नवीनच आलेला कारकून होता, तो तिला ओळखत नव्हता. तिच्या हातातली केबल बघून म्हणाला, "राहू द्या मॅडम, ते महिनाभर रजेवर आहेत. आईचं सगळं एकटेच करतात बिचारे."

 

"बहीण आहे म्हणे एक, पण तिला टेबलावरून उठायला फुरसत नाही."