मिरगी खोडा

"हे मिरगी खोडा अन् डॉक्टरनं सांगितलं ते लिवा," मदीनाबी म्हणाली आणि लेकीचं डिस्चार्ज कार्ड तिनं खिडकीच्या गजांतून आत सारलं.

प्रेमदासनं कार्ड उघडलं; ते त्यानंच छापलं होतं. हिंगोलीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांचं निदान वाचायचं, कॉम्प्युटरमध्ये त्या आजाराचा ठरलेला कोड टाकायचा, त्यावरून कार्ड छापायचं आणि महिन्याचा अहवाल वर पाठवायचा, हे काम त्याचं. नाहिदच्या केसपेपरवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: मेंदूत डुकराच्या पट्टकृमीची गाठ, त्यामुळे झटके.

कोड टाकताना प्रेमदासचा हात अडला होता. पोरीचं नाव नाहिद, घर मुसलमानाचं, गाव डोंगरकड्याजवळचं आणि कार्डावर डुकराचं नाव? किडा कुठून आला हे लोक थोडेच विचारतात! लोक नाव वाचतात आणि पाठ वळली की बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यानं त्याजागी मिरगीचा कोड टाकला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यासाठी कुणी चहासुद्धा पाजला नव्हता. निव्वळ भलेपणा. घरी बायकोला, दिपाला, त्यानं ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं आणि त्या दिवशी त्याला दोन घास जास्तच गेले होते.

"चाची, म्या मुद्दामच तसं केलं," तो आवाज उतरवून म्हणाला. तिच्या मागे रांग होती. "तुमची इज्जत राहावी म्हणून. त्या आजाराच्या नावात... ते जनावर येतं."

"डुक्कर," मदीनाबी म्हणाली. रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या. "म्हाईत हाय मला. काल नाहिदला तपासायला आणलं तवा डॉक्टरनं समदं समजावलं. म्हणले, त्यासाठी ते मटण खायलाच पायजे असं न्हाई. ज्याच्या पोटात किडा हाय तो माणूस नाल्याकाठी परसाकडं बसतो, ते पाणी भाजीला जातं, अन् आपण ती भाजी कच्ची खातो. झालं!"

प्रेमदासनं घाईघाईनं तिला आत घेतलं आणि खुर्ची पुढे केली. ती काही बसली नाही.

"सोयरीक अडली का चाची?"

"मोडली. वसमतच्या लोकांनी कार्ड वाचलं अन् अंगठी परत धाडली. आसिफ चांगला पोरगा व्हता." तिनं पदरानं तोंड पुसलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, प्रेमदासच्या मनात आलं. "मी उद्याच वसमतला जातो," तो म्हणाला. "बरा होणारा आजार हाय म्हणून सांगतो. दवाखान्याच्या माणसाचं ऐकतील ते. पर कागदाला हात कशाला लावता?"

"सोयरिकीसाठी न्हाई आले मी."

"मग कशासाठी?" प्रेमदासनं विचारलं.

"आमच्या शेजारच्या जनकाबाईच्या लेकराला झटके येऊन राहिले," मदीनाबी म्हणाली. "पलीकडं नीलाबाईची सून पाणी भरता भरता पडली. समदे म्हणतात, नाहिदची मिरगी गल्लीला लागली. लेकराला कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात. दवाखान्यात कोणी नेत न्हाई. म्या घसा फोडून सांगितलं, हे किड्याचं काम हाय. तर म्हणतात, तू लेकीची मिरगी झाकून राहिली. कार्डावर छापलंय ना, म्हणतात!"

प्रेमदासला स्वतःची लाज वाटली. आपण एका पोरीची अब्रू झाकली असं तो समजत होता आणि इकडे सगळ्या गल्लीचा आजारच झाकला गेला होता. पण नोंद बदलायची म्हणजे डॉक्टरांपुढे उभं राहून सांगायचं, की तुमचं निदान मी माझ्या मर्जीनं फिरवलं. नोकरीवर गदा आली असती. शिवाय या बाईला पुढचं सगळं कळत होतं का, हीही शंका होतीच.

"चाची, नीट ऐका. एकदा हे नाव वर गेलं की आरोग्य खात्याची माणसं गावात येतील. पहिले तुमच्याच दारात. पाणी बघतील, संडास बघतील, घराघरात तपासणी करतील. सारं गाव म्हणंल, मदीनाबीच्या घरात डुकराचा किडा निघाला."

"म्हणू द्या. लेकरं तर दवाखान्यात येतील."

"लोक तुमच्या हातचं पाणी पिणार न्हाईत."

"नका पिऊ म्हणावं. तुमी लिवा."

प्रेमदास उठला. त्यानं नाहिदचा केसपेपर काढला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाला. दारापर्यंत गेला आणि न राहवून मागे वळला. या बाईचं आणखी वाटोळं आपल्या हातून व्हायला नको, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"अजून एकदा इचार करा चाची. ते लोक भाजीचा माग काढतील. ज्याच्या मळ्यातून हे आलं, त्याचा मळा बंद पाडतील. भाजी सोडा, त्याच्या बांधावरचं गवत बी कोणी घेणार न्हाई. जल्मभर डूख धरंल तो तुमच्यावर. एका कागदापायी गावात कोणाशी वैर काहून घेता?"

"वैर कोणाशी घेऊ, भाऊ?" मदीनाबी म्हणाली. "तो मळा माझाच हाय."