कापडावरचं थेटर

नागपूरच्या एका कॉलेजानं वामनराव आर्किटेक्टांच्या जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरवलं आणि मेलेल्या माणसाच्या नावाला एकदम भाव आला. महिना सरायच्या आत योगेंद्रशेठ पवनारला वामनरावांच्या विधवेच्या, अनुसयाबाईंच्या ओसरीवर हजर झाला. त्याच्याच वडिलांनी वामनरावांकडून वर्ध्याचं थेटर बांधून घेतलं होतं आणि कोनशिलेवर आर्किटेक्ट म्हणून आपल्या जावयाचं नाव कोरलं होतं. नवरा पुढं जन्मभर त्या रस्त्यानं गेला नाही, हे अनुसयाबाई विसरल्या नव्हत्या.

"काकू, प्रदर्शनात जिल्ह्यातल्या साऱ्या इमारती हायेत, आमचंच थेटर काऊन नाई?" चहाचा घोट घेत शेठ म्हणाला. "तुम्ही नकाशा द्या, मी कोनशिला बदलवतो. काकाजींचं नाव सोनेरी अक्षरात टाकतो."

"कॉलेजवाले नकाशे न्यायले आले, तवा तुमचा एकच मी मागं ठेवला," अनुसयाबाई शांतपणे म्हणाल्या. "तवाचे नकाशे कांजी केलेल्या मलमलीवर राहत. उकळत्या पाण्यात टाकले का कांजी जाते, शाई जाते, मऊसूत कापड उरते."

"मंग?"

"मंग काय. कोपऱ्यातली ह्यांची सही तेवढी आधी कापून घेतली. चहा बरा झाला ना, शेठ?"

 

त्यांनी आतून चहा गाळायचं ओलं फडकं आणलं, नीट पिळलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "हे घ्या तुमचं थेटर."