अकरा नंबरचा पाट

"अकरा नंबरचा पाट खोटा आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

व्यायामोपचाराच्या लांबट खोलीत चाळीस बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना वळल्या. समोर टेबलाशी डॉक्टरीणबाई निकालाचा कागद धरून उभ्या होत्या. शेजारी, पाट बनवणाऱ्या कंपनीचा साहेब मिस्त्रीणबाईंनी निकालाआधी भरलेला फॉर्म हातात घेऊन उभा होता.

म्हातारपणी ठिसूळ झालेली हाडं थरथरीने भरतात का, हे बघायचं होतं. त्यासाठी या बायका वर्षभर रोज पंधरा मिनिटं यंत्रावर उभ्या राहिल्या होत्या. यंत्राला त्या पाटच म्हणायच्या. प्रत्येकीचा पाट ठरलेला. निम्मे खरे, निम्मे नुसते घुमायचे, हलायचे नाहीत. खरी थरथरसुद्धा इतकी बारीक, की पायाला जेमतेम कळावी. आपल्या वाट्याला कोणता आलाय ते बायकांना सांगायचं नाही, डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही, असा करार होता आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या.

आज निकाल होता. मांडीचं हाड वर्षाच्या सुरुवातीला मोजलं होतं, शेवटी मोजलं. खऱ्या पाटावरच्या आणि खोट्या पाटावरच्या बायकांत काहीच फरक नव्हता.

"कळलं म्हणजे? कशावरून?" साहेबाने विचारलं.

"एकतीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त केली. मोटर फिरत होती, पण थरथर आणणारं वजन दांड्याला नव्हतं. आवाज पोकळ येतो. तळपायाला तर लगेच समजतं."

साहेबाचा चेहरा उजळला. तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. "बघा! यंत्रातलं कळणारी बाई घेतलीत तुम्ही. तिने बाकीच्यांना सांगितलं असणार. खोटा पाट आहे म्हटल्यावर बायका घरी जाऊन व्यायाम करायला लागल्या असतील. मग फरक दिसेल कसा? ही तपासणी बादच धरायला हवी."

खोलीत कुजबुज झाली. वर्षभराचं उभं राहणं बाद.

"मी कुणाला सांगितलं नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"असं तुम्ही म्हणणारच."

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई ताडकन उठली. मिस्त्रीणबाईंची धाकटी जाऊ. तिचा पाट चार नंबरचा, आणि तो खरा होता हे तिला आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं.

"सांगितलं? हिने? अहो, एका घरात राहतो आम्ही! रोज एका बसने येतो, एका बसने जातो. मी रोज विचारायचे, ताई, तुम्हाला मशिनातलं कळतं, माझा खरा आहे का हो? तर म्हणायच्या, गप उभी राहा. वर्षभर हेच! गप उभी राहा!" तिचा आवाज चिरकला. ती जावेकडे वळली. "मला तरी सांगायचंत, ताई. मी काय परकी होते?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बसला कळलं असतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

बायका खो खो हसल्या. जाऊ मात्र हसली नाही. ती डोळे पुसत खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यांना घाई नव्हती. एकेक फॉर्म उलटत त्यांनी 'तुमचा पाट खरा होता की खोटा?' हा शेवटचा प्रश्न तेवढा बघितला. मग साहेबाकडे पाहिलं.

"खोट्या पाटावर वीस जणी होत्या. सोळा जणींनी 'माझा पाट खरा होता' असं लिहिलंय. एकीचे तर गुडघेही हलके झालेत. तिघींनी 'सांगता येत नाही' लिहिलंय. बरोबर ओळखणारी एकच. तपासणी बाद होणार नाही. कागद आहे तसाच जाईल."

साहेबाने फॉर्म खाली ठेवला.

"पण मला एक सांगा," डॉक्टरीणबाई मिस्त्रीणबाईंना म्हणाल्या, "आपला पाट खोटा आहे हे माहीत असून तुम्ही एक दिवसही चुकवला नाहीत. का?"

"कारखान्यात नवीन मशीन आलं, की आम्ही जुनं शेजारीच चालू ठेवायचो. महिनाभर दोन्हीवर एकच कापड. जुनं बंद केलं तर नवीन किती चांगलं ते कळणार कशावरून?" त्यांनी खांदे उडवले. "इथलं जुनं मशीन मी."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मोजणीचा कागद काढला. मग म्हणाल्या, "तुमचं हाड थोडं उतरलंय. गोळ्या सुरू करायला लागतील."

"करू की. त्या तपासलेल्या आहेत ना?"

"आहेत."

"मग लिहून द्या."

बायका उठू लागल्या. खुर्च्या सरकल्या, पिशव्या खांद्याला लागल्या. धाकटी जाऊ दारापाशी थांबली होती, अजून फुरंगटलेली.

"म्हणजे आपलं वर्ष वायाच गेलं म्हणायचं," ती म्हणाली. "तुम्ही खोट्यावर उभ्या, मी खऱ्यावर, आणि दोघींच्या हातात भोपळा."

मिस्त्रीणबाईंनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"वाया कसं? आता दुसऱ्या कुणा बाईला उभं राहायला नको."