शेंड्याचा कोंब

शेंड्याचा कोंब आजही जागेवरच होता. इसाबुरोने शिवी हासडली.

जपानातल्या यामागाताच्या डोंगरातलं बर्फ वितळून दहा दिवस झाले होते. एव्हाना चोर येऊन जायला हवा होता. घरामागच्या तारा नावाच्या काटेरी झुडपाचा शेंड्याचा कोंब दर वसंतात नाहीसा होई, सुरीने स्वच्छ कापलेला. खालच्या कोंबांना धक्का नसे. ते झाडाचे, ही रीत चोरालाही ठाऊक होती. इसाबुरो मग शेजारच्या कुमेकिचीला ऐकू जाईल अशा आवाजात चोराचा उद्धार करी आणि वर्षभर झुडपाची निगा राखी. मुळाशी पालापाचोळा घाली, आडवेतिडवे फुटवे काढी. त्याची छत्रीएवढी पानं गळली, की सगळ्यात पुढच्या खोडाचे काटे तेवढे तासून टाकी. म्हातारपणी हाताला टोचतात, असं म्हणे.

झुडूप लावलं होतं शिगेरुने, त्याच्या मुलाने, दहा वर्षांचा असताना. तळलेल्या कोंबांवर पोराचा भारी जीव. पुढे शेती सोडून तो टोक्योला गेला, तेव्हा बापाने गावाला बजावलं, "त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." चौदा वर्षं त्याची पत्रं येत होती. इसाबुरो पाकिटावर लाल शाईने 'नाकारले' लिही, आपल्या नावाचा शिक्का मारी आणि न फोडता पोस्टमनला परत देई. डिसेंबरातल्या पाकिटावर बाईचं अक्षर होतं. तेही त्याने परत दिलं.

आणखी एका दिवसात कोंब उमलला असता आणि खाण्याजोगा राहिला नसता. इसाबुरोने तो स्वतःच कापला, ओल्या शेवाळात गुंडाळला आणि कुमेकिचीचं दार वाजवलं.

"काय रे चोरा, यंदा हात लुळा पडला का तुझा?"

कुमेकिची बाहेर येताच इसाबुरोने पुडी पुढे केली.

"धर. तू हे कुणाला पाठवतोस ते मला कळत नाही होय? काटे काय माझ्यासाठी तासत होतो? गाढवा, तुझी बोटं सोलवटू नयेत म्हणून!" एवढं बोलायला त्याला चौदा वर्षं लागली होती. "आजच टपालात टाक. आणि लिही त्याला, म्हातारा म्हणतो, पुढचा कोंब स्वतः येऊन तोड."

कुमेकिचीने हात पुढे केला नाही.

"डिसेंबरात त्याच्या बायकोचं पत्र आलं होतं ना तुला?"

"आलं होतं. परत दिलं."

"न वाचता?" कुमेकिची पायरीवर बसला. "मला वाटलं, वाचूनही तू गेला नाहीस. म्हणून हिवाळाभर तुझं तोंड बघितलं नाही मी."

"काय होतं त्यात?"

"शिगेरुचं आता काही खरं नाही, एकदा भेटून जा, एवढंच. तिने मला नंतर सगळं लिहिलं, पण पाकीट परत आल्याचं नाही रे. म्हणजे त्यालाही तिने ते कळू दिलं नाही. बाबा निघालेत, बर्फाने गाडी अडलीय, असंच त्याला शेवटपर्यंत सांगत राहिली. तेरा दिवस."