सुई उकळेपर्यंत
नर्सबाईने पाकीट फोडताच शालूबाईने नवी सुई मागून घेतली आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या डब्यात टाकून चुलीवर ठेवली. नवरा गुरांच्या दवाखान्यात कामाला होता. सुया याच डब्यात उकळायचा. तो गेल्यापासून ती एकटीच होती. “आजी, दर मंगळवारी नवी कोरी सुई काहून उकळता?” “उकळल्याबिगर मी टोचून घेत न्हाई. बस माय.” नर्सबाई बसली. “आज शेवटचं इंजेक्शन हाय. पुढं गोळ्याच घ्यायच्या. मी येणार न्हाई.” शालूबाईने जळतं लाकूड हळूच चुलीबाहेर ओढलं आणि म्हशीचा विषय काढला. दोन दिवसांपासून म्हैस चाऱ्याला तोंड लावत नव्हती, आणि हे ऐकायला घरात कोणी नव्हतं. पाण्याला तरीही उकळी आली. शालूबाईने डबा उतरवायला फडकं हातात घेतलं. नर्सबाईने तांब्या उचलून डब्यात गार पाणी ओतलं. “मग, पेंड तरी खाल्ली का तिनं?”